जुना गेम सुसाट पळतोय? आधी त्याचं घड्याळ शोधा

विंग कमांडर हा १९९० सालचा गेम मी पहिल्यांदा खेळलो तो ३८६ प्रोसेसरच्या एका थकलेल्या पीसीवर. शत्रूचं जहाज समोरून यायचं, आपण स्टिक वळवायची, दोन-तीन गोळ्या वाया घालवायच्या, एखादी लागली की खूश व्हायचं. काही वर्षांनी तोच गेम कितीतरी जलद अशा पेंटियमवर लावला. मोहीम सुरू झाली, स्क्रीनवर काहीतरी चमकून गेलं आणि माझं जहाज फुटलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वाटलं, सवय मोडली, हात गेला. बऱ्याच दिवसांनी उमगलं की त्या गेमला स्वतःचं घड्याळच नव्हतं. मशीन जितकं पळेल तितका तो पळत होता.

तेव्हापासून कुठलाही जुना गेम बिनसला की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो: हा गेम वेळ कशावरून मोजतो? उत्तर मिळाल्याशिवाय काहीही डाउनलोड करू नका, कारण एका प्रकारच्या गेमवर लागू पडणारा उपाय दुसऱ्या प्रकारच्या गेमवर काहीच करत नाही, आणि कधीकधी नवं दुखणं लावून जातो.

घड्याळं किती प्रकारची

कुठलाही गेम म्हणजे एक फेरा असतो. कोणती बटणं दाबली ते बघायचं, सगळ्यांना थोडंथोडं सरकवायचं, चित्र काढायचं, की पुन्हा पहिल्यापासून. हा फेरा सेकंदाला किती वेळा फिरेल हे कोण ठरवतं, यावर सगळं अवलंबून आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ८०८८ हा प्रोसेसर होता, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. प्रोग्रामर मंडळींसमोर तेवढंच एक मशीन असायचं. पात्र फार जोरात धावतंय असं वाटलं की मध्ये एक रिकामा लूप टाकायचा: काही करू नकोस, नुसतं दोन हजारांपर्यंत मोज. काम झालं. मग १९८४ मध्ये २८६ हा जलद प्रोसेसर घेऊन आयबीएमचा पुढचा पीसी, एटी, आला आणि तेच दोन हजार त्याने कितीतरी आधी मोजून टाकले. जुन्या कॅबिनेटवरचं टर्बो बटण आलं ते याच भानगडीतून. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी. (शेजारचे ते हिरवे-लाल आकडे तर काही मोजतही नसत. आतल्या जंपरनी जे बसवले असतील तेच दाखवत.) हे पहिलं घड्याळ, म्हणजे खरं तर घड्याळच नाही.

खरं घड्याळ मशीनमध्ये होतं. ८२५३ नावाची टायमर चिप १.१९३ मेगाहर्ट्झवर चालायची आणि काही न सांगता सेकंदाला १८.२ वेळा प्रोसेसरला टोचायची. प्रोसेसर बदलला तरी तिची गती तीच. ज्यांनी तिच्यावर विसंबून गेम लिहिले त्यांचे गेम तरले. १९९३ च्या डूममध्ये जगाचा हिशोब सेकंदाला बरोबर ३५ वेळा होतो. त्या काळची व्हीजीए स्क्रीन सेकंदाला ७० वेळा ताजी व्हायची (७० हर्ट्झ), त्याच्या निम्मा. मशीन कमकुवत असेल तर चित्रं गळतात, दणकट असेल तर गळत नाहीत, पण राक्षस दोन्हीकडे सारख्याच पावलांनी येतो.

तिसरा प्रकार फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर निघणाऱ्या एकेका चित्राला, बांधलेल्या गेमचा. दर फ्रेमला पात्र अमुक पिक्सेल पुढे. तीस फ्रेम निघाल्या तर तीस पावलं, एकशेवीस निघाल्या तर एकशेवीस. चौथा त्याचाच भाऊ: मॉनिटर जितक्यांदा ताजा होईल तितक्यांदा फेरा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही, १४४ हर्ट्झचा आणला की येतं. पाचवा प्रकार सगळ्यात चकवणारा. तो वेळ मोजतो, पण मोजण्यात खोट असते. त्याच्याकडे नंतर येऊ.

निदान: संगीत ऐका, भिंतीपासून भिंतीपर्यंत चाला

पहिली तपासणी कानाने. डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या) बऱ्याच गेममध्ये संगीत टायमरच्या टोचणीवर चालतं आणि बाकी खेळ मुख्य फेऱ्यावर. त्यामुळे गाणं नेहमीच्या लयीत आणि माणसं मात्र वेड लागल्यासारखी पळतायत असं दिसलं, तर तो बहुधा प्रोसेसरच्या वेगाला बांधलेला गेम. गाणंही चिरकं आणि घाईत असेल, तर संशय एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, किंवा मॉनिटरच्या रिफ्रेश दरावर घ्या. एम्युलेटरमधलं फास्ट फॉरवर्डचं बटण चुकून दाबलं गेलेलं नाही ना, तेही बघा. हसू नका. अर्धा तास घालवलाय मी त्यावर.

दुसरी तपासणी मोबाइलच्या स्टॉपवॉचने. गेममधली एक अशी क्रिया निवडा जिला दरवेळी तेवढाच वेळ लागायला हवा: एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चालणं, दार उघडून पूर्ण मिटणं, गाडीने सरळ रस्त्यावर ठरावीक वेग गाठणं. ती तीनदा मोजा. मग फक्त एक गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. फ्रेमची मर्यादा ३० वरून ६० केल्यावर वेळ निम्मा झाला, तर गेम फ्रेमला बांधलेला. मर्यादेने फरक पडला नाही पण मॉनिटर ६० वरून १४४ वर नेल्यावर पडला, तर मॉनिटरला. डॉसबॉक्स या डॉसच्या एम्युलेटरमध्ये सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, दुप्पट केल्यावर वेळ निम्म्याच्या आसपास आला, तर रिकाम्या लूपवाला. कशानेच फरक पडला नाही तर तुमचा गेम शहाणा आहे, आणि तुम्हाला तो जलद वाटतोय कारण आठवणीतलं मशीन हळू होतं. असंही होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला हे पुन्हा सांगतो, कारण ते कोणीच पाळत नाही. एका जुन्या स्ट्रॅटेजी गेममध्ये नकाशा इतका सुळकन सरकायचा की कर्सर कडेला लागताच मी दुसऱ्या टोकाला पोचायचो. मी माऊसची संवेदनशीलता कमी केली, मग ड्रायव्हर बदलला, शेवटी नवा माऊस आणला. सैनिक नीट चालत होते, फक्त नकाशा पळत होता, एवढं शांतपणे बघितलं असतं तर कळलं असतं की त्या गेममध्ये सैनिक टायमरवर आहेत आणि नकाशाचं सरकणं फेऱ्यावर. एकाच गेममध्ये दोन घड्याळं असू शकतात. फ्रेमला लगाम घातला, काम झालं. माऊस चांगला आहे, अजून वापरतो.

डॉसचे गेम: सायकल्सचा कान पिळणे

डॉसबॉक्सची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली आणि डॉस गेमसाठी आजही तोच आधार, मूळचा किंवा त्याच्या स्टेजिंग आणि एक्स या फांद्या. त्यात सायकल्स म्हणजे नकली प्रोसेसरने एका मिलिसेकंदात किती सूचना पार पाडायच्या तो आकडा. मूळ डॉसबॉक्समध्ये ही सेटिंग ऑटोवर असते. याचा अर्थ, रिअल मोड या प्रोसेसरच्या जुन्या, साध्या पद्धतीतल्या गेमला ३००० सायकल्स, आणि प्रोटेक्टेड मोड या नंतरच्या पद्धतीतला गेम दिसला की मिळेल तेवढा सगळा वेग.

इथेच फसगत होते. ३००० ही मधली रक्कम आहे. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ ची बरोबरी साधारण ३०० सायकल्सना होते. म्हणजे डिगर हा १९८३ चा मूळ गेम ऑटोवर लावलात, तर ज्या मशीनसाठी तो लिहिला त्याच्या दहापट वेगाच्या मशीनवर लावलात. दुसऱ्या टोकाला, १९९४-९५ चा भारी गेम ३००० वर कुंथत चालतो. ढोबळ अंदाज असे धरा: १२ मेगाहर्ट्झच्या २८६ साठी १५००, ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ साठी ६०००, तेवढ्याच वेगाच्या ४८६ साठी १२,०००, ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ साठी २४-२५ हजार, आणि १०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमसाठी ६० हजार. हे तंतोतंत नाहीत, होऊही शकत नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

आता प्रत्यक्ष कृती. कॉन्फिग फाइल उघडा, सीपीयूच्या विभागात सायकल्सची ओळ शोधा, तिथे ऑटोच्या जागी फिक्स्ड लिहून पुढे आकडा टाका. आकडा गेमच्या सालावरून निवडा, पण त्या सालातल्या सगळ्यात महाग मशीनचा नको. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचं मशीन बहुतेकांच्या घरी असायचं, ते धरा. गेम सुरू करा आणि कंट्रोल-एफ१२ ने वाढवत, कंट्रोल-एफ११ ने कमी करत जा. मूळ सेटिंगमध्ये एका दाबाला १० टक्के वाढ आणि २० टक्के घट होते. चालू आकडा खिडकीच्या पट्टीवर दिसतो.

वाढवताना काय होतं ते बघा. एका आकड्यापर्यंत हालचाल गुळगुळीत होत जाते आणि मग कितीही वाढवा, फरक नाही: हा टायमरवाला गेम. जिथे फरक थांबला त्याच्या थोडं वर थांबा. कमालीला नेऊ नका, उगाच आवाज तुटायला लागतो. पण प्रत्येक दाबाला वेग चढतच राहिला तर तो लूपवाला. तिथे थांबायचं कुठे हे गेम सांगणार नाही, तुम्हाला मापदंड बाहेरून आणावा लागेल: मॅन्युअलमध्ये दिलेला एखादा वेळ किंवा खऱ्या जुन्या मशीनचं चित्रीकरण. ‘खऱ्या’ यावर जोर. इंटरनेटवरचे कितीतरी व्हिडिओ चुकीच्या सायकल्सवरच रेकॉर्ड केलेले असतात, आणि त्यावरून आपण आपली चूक बेतायची म्हणजे आंधळ्याने आंधळ्याचा हात धरण्यासारखं.

लूपवाल्या गेमला एकच अचूक आकडा नसतो, हेही मनाशी धरा. विंग कमांडरमध्ये समोर एक जहाज असताना फेरा हलका असतो, गेम पळतो. चार जहाजं आणि स्फोट आले की फेरा जड होतो, गेम मंदावतो. मूळ मशीनवरही असंच होतं. मी लढाईच्या ऐन गर्दीत सोसेल असा आकडा ठेवतो आणि रिकाम्या आकाशात थोडी घाई चालवून घेतो. उलट केलंत तर रिकामं आकाश सुंदर दिसतं आणि लढाई चिखलात होते.

एक खास आजार वेगळा सांगायला हवा: सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून गेम बंद पडणे. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचं हे दुखणं. तिची एक लायब्ररी (आयता मिळणारा कोड) सुरुवातीला बघते की टायमरच्या एका टोल्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, हे मशीन किती फेरे मोजतं, आणि त्या संख्येला ५५ ने भागते. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत बसलं पाहिजे. मशीनने एका टोल्यात साधारण ३६ लाखांहून जास्त फेरे मोजले की उत्तर मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक ओरडतो. हे मर्यादा ओलांडणं घडायचं २०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणून अनेकांना वाटतं २०० चा अर्थ तोच. तो निव्वळ योगायोग आहे, २०० हा शून्याने भागल्याच्या चुकीचा क्रमांक. उपाय सोपा: गेम कमी सायकल्सवर सुरू करा, मोजणी आटोपली की वाढवा. खऱ्या मशीनवर असाल तर प्रोग्रामची फाइल दुरुस्त करणारे छोटे पॅच मिळतात.

असाच छुपा बिघाड साउंड कार्डचा. काही गेम कार्डाला प्रश्न विचारून मोजून-मापून वाट बघतात. ती वाट रिकाम्या लूपची असेल तर जलद मशीन उत्तर यायच्या आत निष्कर्ष काढतं: कार्ड नाही. आवाज येत नसेल तर सेटिंग धुंडाळण्याआधी सायकल्स उतरवून बघा.

आणि हे सगळं करण्याआधी एक चौकशी: तुमच्या गेमला नवं इंजिन, म्हणजे तो चालवणारा नवा प्रोग्राम, मिळालंय का? २००१ पासूनच्या स्कमव्हीएम या अशाच प्रोग्रामने जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेमच्या कितीतरी वेळेच्या चुका मुळात दुरुस्त केल्या आहेत. डिगरची रीमास्टर्ड आवृत्ती आहे, डूमच्या तर डझनावारी आहेत. असा पर्याय असेल तर सायकल्सशी झोंबण्यात मर्दुमकी नाही.

विंडोजचे गेम: फ्रेमला लगाम

विंडोजच्या गेममध्ये प्रोसेसर हळू करायच्या नादाला लागू नका. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन कमाल वेग पाच टक्के करा, असा सल्ला फिरत असतो. आजचा प्रोसेसर कितीही दाबला तरी काहीशे मेगाहर्ट्झवर राहतो, आणि त्याचा एक मेगाहर्ट्झ जुन्या पेंटियमच्या एका मेगाहर्ट्झपेक्षा कितीतरी जास्त काम करतो. बाकी विंडोज तेवढी रांगायला लागते. जुन्या विंडोजचं सोंग घेणाऱ्या कंपॅटिबिलिटी मोडनेही वेग बदलत नाही. तो वेगळ्या दुखण्यांचा उपाय.

इथे दोषी बहुधा ग्राफिक्स कार्ड असतं, आणि गंमत अशी की गेम जलद चाललाय असं डोळ्यांना दिसतही नाही. नियम गुपचूप बदलतात. क्वेक ३ अरेना (१९९९) घ्या. त्यात उडीचा सुरुवातीचा वेग २७० एकक आणि गुरुत्व सेकंदाला ८००. इंजिन फ्रेमचा वेळ पूर्ण मिलिसेकंदांत मोजतं आणि दर फ्रेमला वेग जवळच्या पूर्णांकावर आणतं. सेकंदाला १२५ फ्रेम म्हणजे एक फ्रेम ८ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात गुरुत्वाने ६.४ एकक वेग खायला हवा, पण पूर्णांकावर आणताना ६ च खाल्ला जातो. म्हणजे प्रत्यक्षात गुरुत्व ८०० चं ७५० झालं. ३३३ फ्रेमना, ३ मिलिसेकंदांत, २.४ ऐवजी २: गुरुत्व ६६७ च्या आसपास. हिशोबाने उडीची उंची ८०० ला साडेपंचेचाळीस एकक येते, ७५० ला साडेअठ्ठेचाळीस आणि ६६७ ला जवळजवळ पंचावन्न. १६ मिलिसेकंदांच्या फ्रेमला उलट १२.८ चे १३ होतात आणि उडी किंचित बुटकी पडते. म्हणजे भारी कार्डवाला खेळाडू शब्दशः उंच उडत होता, आणि काही कट्टे १२५ फ्रेमशिवाय गाठताच येत नसत. म्हणूनच मुरलेले खेळाडू १२५ वर कुलूप लावून खेळायचे. पुढे सगळ्यांची चाल ८ मिलिसेकंदांवर बांधायची सोय सर्व्हरला दिली गेली. याच इंजिनाच्या वंशातल्या पहिल्या कॉल ऑफ ड्यूटी गेमनीही हा वारसा सांभाळला.

असं उंच उडणं कोणाला आवडेलही. पण डार्क सोल्स २ च्या पीसी आवृत्तीत (२०१४) ६० फ्रेमना हत्यारं ३० च्या दुप्पट वेगाने झिजायची, २०१५ मध्ये ते दुरुस्त झालं. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर बंद केला की पोहणं मंदावतं. नीड फॉर स्पीड रायव्हल्स (२०१३) ३० फ्रेमवर बांधलेला. कुलूप तोडून फक्त ६० केलं की सगळं शहर दुप्पट वेगाने पळतं. ग्रिम फँडँगोमध्ये (१९९८) लिफ्ट आणि फोर्कलिफ्टचं एक कोडं जलद प्रोसेसरवर सुटणं अशक्य व्हायचं, कारण लिफ्ट थांबायला तयार नसे. त्यासाठी पॅच काढावा लागला.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे नशिबाची. समजा शत्रूने गोळी झाडायची शक्यता दर फ्रेमला १ टक्का ठेवली आहे. ३० फ्रेमना एका सेकंदात तो झाडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. १२० फ्रेमना तीच ७० टक्के. शत्रू तोच, बंदूक तीच, आणि तुम्ही म्हणता, लहानपणी हा टप्पा किती सोपा होता! फॉलआउट २ (१९९८) मध्ये नकाशावरच्या प्रवासाचा वेग मशीनवर अवलंबून, आणि वाटेत कोणाशी गाठ पडायची शक्यता त्या वेगात गुंतलेली. तिथे एसफॉल नावाचा चाहत्यांचा पॅच प्रवास आणि गाठीभेटी यांचा हिशोब वेगळा करतो. नुसता लगाम घालून ते जमलं नसतं.

बाकीच्या बहुतेक गेमना मात्र लगाम पुरतो. आधी गेमच्या स्वतःच्या मेनूत फ्रेम लिमिटर आहे का बघा, असेल तर तोच चालू करा. नसेल तर ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फक्त त्या गेमसाठी कमाल फ्रेम ठरवा, किंवा रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर हा प्रोग्राम वापरा. तिथे गेमची फाइल जोडून आकडा टाकला की झालं. आधी ६०. पडण्या-आपटण्याचे नियम विचित्र वागत असतील, गाड्या उडत असतील, वस्तू थरथरत असतील तर ३०. कन्सोलवरून आलेल्या गेमना बहुधा या दोघांपैकीच एक मानवतो. इंटरस्टेट ७६ (१९९७) सारखे काही हट्टी त्याहून खाली, वीस-पंचविसावर, सरळ होतात. दोन ठिकाणी दोन लगाम घालू नका, झटके बसतात.

मॉनिटरला बांधलेल्या गेमसाठी सरळ मॉनिटरच ६० हर्ट्झवर आणा आणि व्हीसिंक (चित्र मॉनिटरच्या तालावर काढायची सेटिंग) चालू करा. फार जुने ग्लाइड किंवा डायरेक्टड्रॉवाले गेम या कशालाच दाद देत नसतील तर गेम आणि कार्ड यांच्या मध्ये डीजीव्हूडू २ किंवा सीएनसी-डीड्रॉ हा प्रोग्राम बसवा. हे गेमची जुनी भाषा नव्या कार्डाला समजेल अशी करतात आणि जाता जाता फ्रेमही आवरतात. लगामाचा एक जोडफायदा: जुन्या गेमचा साधा मेनूसुद्धा मोकळा सोडला तर सेकंदाला हजारो फ्रेम काढत कार्ड तापवतो आणि पंखा विमानासारखा घुमतो.

घड्याळ आहे, पण दोन कोरमध्ये दोन

पाचवा प्रकार. गेम कधी पळतो, कधी अडखळतो, कधी पात्र एक पाऊल मागे जातं. साधारण २००० च्या आगेमागे अनेक गेम प्रोसेसरच्या आतला त्याच्या ठोक्यांचा मोजक वाचून वेळ काढत. एकच कोर, म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकच भाग, असताना ठीक होतं. मग २००५ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ सारखे दोन कोरचे प्रोसेसर आले. दोन्ही कोरचे मोजक एकमेकांशी जुळत नव्हते, गेम या कोरवरून त्या कोरवर उडी मारायचा आणि वेळ मागे गेल्यासारखी वाटायची. एएमडीला त्यासाठी वेगळा ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर द्यावा लागला. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर मध्येच हळू होई, त्यानेही हाच हिशोब चुके.

आजच्या प्रोसेसरचे मोजक शिस्तीत असतात, पण अनेक कोर बघून गोंधळणारे गेम अजून भेटतात. टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये गेमच्या नावावर उजवी क्लिक, सेट अ‍ॅफिनिटी, आणि फक्त पहिल्या कोरवर खूण ठेवा. फरक पडला तर गेम सुरू करतानाच हे होईल असा शॉर्टकट करून ठेवा. नाही पडला तर सगळ्या खुणा परत लावा, विसरू नका.

कन्सोल: जिथे मंदपणाच गेम आहे

स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) या आर्केड गेममधला ८०८० प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा. तो एका फ्रेमला एकच परग्रहवासी हलवू शके. ५५ जणांची फौज एक पाऊल टाकायला ५५ फ्रेम घेई, आणि जसजसे ते मरत, तसतशी उरलेल्यांची चाल वाढे. शेवटचा उरलेला तर धावतच सुटे. गेम बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं, आणि हळूहळू चढत जाणारी भीती हा त्या गेमचा प्राण झाला. यात जलद प्रोसेसर घालून सगळ्यांना एकाच फ्रेमला हलवलं तर हाती काय राहील?

म्हणून एम्युलेटरमधल्या ओव्हरक्लॉकच्या, म्हणजे नकली प्रोसेसर मूळपेक्षा जलद करण्याच्या, पर्यायाला हात लावताना विचार करा. सुपर निन्टेंडोवरचा ग्रेडियस ३ गर्दी झाली की मंदावायचा, आणि त्या मंद क्षणांत खेळाडू गोळ्यांमधून वाट काढायचे. २०१९ मध्ये त्याची, एसए-१ ही जलद चिप वापरणारी आवृत्ती चाहत्यांनी तयार केली. मंदपणा गेला, आणि गेम खेळायला कितीतरी अवघड झाला. देखणाही झाला, हे मान्य. माझा शिरस्ता असा: पहिल्यांदा मूळ वेगावर पूर्ण करायचा, मग हौसेला ओव्हरक्लॉक.

आवृत्तीचा प्रदेशही तपासा. युरोपसाठीचे पाल मशीन ५० हर्ट्झवर चालत, जपान-अमेरिकेतले ६० वर. पाल आवृत्तीत बदल न करता सोडलेले गेम सहाव्या हिश्श्याने मंद असतात, संगीतासकट. तुम्ही लहानपणी कोणती आवृत्ती खेळलात यावर तुम्हाला ‘बरोबर’ काय वाटतं ते ठरतं, त्यामुळे इथे स्टॉपवॉचपेक्षा आठवणीशी भांडण जास्त होतं.

खरं जुनं मशीन असेल तर

टर्बो बटण दाबून बघा, तेवढ्याने भागलं तर नशीब. पेंटियमच्या काळातल्या मशीनवर एल१ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती) बंद केली की वेग थेट ३८६ च्या पातळीवर कोसळतो. बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) किंवा सेटमुल या छोट्या प्रोग्रामने हे डॉसमधूनच करता येतं. व्हीआयए सी३ हा प्रोसेसर या हौशी लोकांचा लाडका, कारण त्याचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) सॉफ्टवेअरमधून बदलता येतो आणि एकाच मशीनमध्ये चार पिढ्या मावतात. मोस्लो सारखे वेग खाणारे प्रोग्राम शेवटी ठेवा. ते प्रोसेसरला सतत थांब-चाल करवतात, सरासरी बरोबर येते पण हालचाल तुटक वाटते.

जमलेला आकडा लगेच लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी तो आठवत नाही. प्रत्येक गेमची कॉन्फिग फाइल वेगळी आणि शेजारी एक साधी टिपणाची फाइल, एवढं पुरे. माझ्या फाइलमधली विंग कमांडरची नोंद अशी आहे: ‘लूपवाला. ३८६ पासून सुरुवात, गर्दीच्या लढाईत तपासणे. संगीतावर विश्वास ठेवू नये, ते नेहमीच बरोबर वाजतं. माऊसचा काही दोष नाही.’